वैद्य गार्सिया द ओर्ता

इ. स. १४९२ म्हटले की आपल्याला कोलंबस आठवतो. त्याच वर्षी स्पेनच्या राजाराणीने आपल्या ज्यू प्रजेला फर्मावले की, ख्रिस्ती व्हा, नाही तर जुलैअखेर देश सोडा. हजारो कुटुंबे पोर्तुगालच्या वाटेला लागली. गार्सियाचे आईवडील त्यांपैकीच. सरहद्दीपलीकडच्या कास्तेलो द व्हीद या गावी ती राहिली. परंतु १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजानेही ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला. पुढे तीन-चार वर्षांनी जन्मलेला गार्सिया 'नवा ख्रिस्ती' ठरला. म्हणजे जन्मापासूनच संशयित.

सालामांका व आल्काला येथे तो वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला आणि १५३४ मध्ये मार्तिम आफोंसो द सौझाच्या आरमाराबरोबर गोव्यास आला. संशयी नजरांपासून दूर जावे, हाही हेतू त्यात असावा.

येथे तो रमला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा त्याच्यावर लोभ होता. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. हिंदू वैद्यांना, मुसलमान हकिमांना तो विचारी आणि मग स्वतः पाहून खात्री करी. जुन्या ग्रीक ग्रंथकारांपेक्षा आपल्या डोळ्यांवर त्याचा अधिक विश्वास. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या त्याच्या पुस्तकात औषधी वनस्पतींवरचे ५९ संवाद आहेत. आमच्या मिरजोळ्याकडे ज्यांना रातांबे म्हणतात ती भिरंडे त्यात भेटतात. पटकीचे वर्णन करताना त्याने इथल्या लोकांचा 'मोडशी' हा शब्दही टिपला आहे. आपल्या आजीबाईंचा शब्द पोर्तुगीज ग्रंथात सापडावा, याची मौज वाटते.

पण पुस्तक निघण्यापूर्वीच, १५६० मध्ये, इन्क्विझिशन म्हणजे धर्मद्रोह हुडकणारे न्यायालय गोव्यात आले होते. ओर्ता १५६८ मध्ये वारला तो मानाने. दुसऱ्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, त्याची बहीण कातारीना हिला गोव्यात जाळण्यात आले. नातलगांच्या चौकशीत, तोही मनातून मोशेचाच धर्म मानीत होता, असे बाहेर पडले. मेलेल्या माणसाला शिक्षा कशी करावी? ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडे उकरून काढून जाळण्यात आली. आईवडिलांनी स्पेन सोडल्याला तेव्हा ८८ वर्षे झाली होती.

तोपर्यंत क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेला त्याच्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्येच अँटवर्पला छापून युरोपभर गेला होता. पणजीच्या चर्चसमोरील नगरपालिकेच्या बागेला पुढे त्याचे नाव देण्यात आले.