बाबासाहेबांनी ज्यांचे वकीलपत्र घेतले

१४ ऑक्टोबर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती नागपूरची दीक्षाभूमी. ती राहिलीच पाहिजे. परंतु १९५६ च्या त्या धम्मक्रांतीच्या बरोबर तीन वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, या महाराष्ट्रातील एका माणसाने जगाचा निरोप घेतला, त्याची आठवण आपल्यापैकी किती जणांना आहे? त्यांचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे. बाबासाहेबांनी कोर्टात ज्यांची बाजू मांडली, ते हेच र. धों. कर्वे. चवदार तळ्याचा खटला आपल्याला ठाऊक असतो, हा खटला मात्र ठाऊक नसतो. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहावे असे आम्हाला वाटले.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूड गावचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. पुढे ज्या प्रश्नासाठी त्यांनी आयुष्य वेचले, तो प्रश्न त्यांच्या घरात असा लहानपणीच येऊन गेला होता. मुलगा हुशार. १८९९ साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिला आला. फर्ग्युसनमधून पदवी घेतली, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला, पॅरिसला जाऊनही गणित शिकून आला. पगार होता, प्रतिष्ठा होती, वडिलांचे मोठे नाव होते. गप्प बसला असता तर सुखाने जगला असता.

पण १९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपला दवाखाना उघडला तोही याच वर्षी. म्हणजे जगात जे घडत होते ते आपल्या मुंबईत त्याच वेळी घडत होते. स्त्रीला मूल केव्हा हवे आणि हवे की नको, हे तिचे तिने ठरवावे, एवढेच या माणसाचे म्हणणे. कॉलेजच्या मिशनरी चालकांना ते रुचले नाही. प्राध्यापकी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई खंबीरपणे पाठीशी राहिल्या. या जोडप्याने विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही. लोकांना सांगायचे ते आधी स्वतः आचरले.

१९२७ साल आपल्याला पाठ आहे. मार्चमध्ये महाडचे पाणी पेटले, एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले, डिसेंबरमध्ये मनुस्मृती जळाली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये रघुनाथरावांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. ना जाहिरातदार, ना आश्रयदाते. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन यांवर ते शास्त्रीय माहिती देत आणि वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरे देत. मरेपर्यंत, म्हणजे २६ वर्षे, त्यांनी हे मासिक चालवले.

धर्ममार्तंड गप्प बसणार होते थोडेच? १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा अटक झाली. गुन्हा काय, तर वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि संपादकाने उत्तरे दिली! या वेळी त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर. ज्या विषयाची लोकांना गरज आहे त्याची शास्त्रीय चर्चा अश्लील ठरू शकत नाही, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. खटला हरला, २०० रुपये दंड झाला. पण अस्पृश्यांच्या लढ्यात अहोरात्र गुंतलेला नेता एका चित्पावन ब्राह्मणाच्या अब्रूसाठी कोर्टात का उभा राहिला, याचा विचार आपण केला पाहिजे. बाबासाहेबांनी जात पाहिली नाही, प्रश्न पाहिला. ज्ञान दडवून ठेवणाऱ्यांविरुद्ध जो उभा राहतो तो आपला, हा तो हिशेब होता.

शिवाय बाबासाहेबांना हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. ते स्वतः आईवडिलांचे चौदावे अपत्य. रमाईच्या पोटची चार लेकरे गेली, १९२६ साली लाडका राजरत्नही गेला, आणि १९३५ साली रमाई गेल्या. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने लोकांना उपलब्ध करून द्याव्यात असा ठराव मांडला. त्या भाषणामागे बाबासाहेबच होते. सभागृहाने ठराव फेटाळला. स्वतंत्र भारताने १९५२ साली जो कार्यक्रम सरकारी म्हणून हाती घेतला, तो आपल्या पक्षाने १४ वर्षे आधी मागितला होता, हे आपण अभिमानाने सांगत का नाही?

सांगत नाही, याला कारणही आहे. आणीबाणीत या कार्यक्रमाचा वरवंटा झाला. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्याची झळ झोपडपट्टीला, मजुराला, दलिताला बसली. लोकसंख्या वाढते ती गरिबांमुळे, असे म्हणून नाक मुरडणारे आजही आहेत. म्हणून वस्तीत हा विषय काढला की संशय येतो. तो संशय खोटा नाही. पण रघुनाथरावांचे आणि बाबासाहेबांचे संततिनियमन सक्तीचे नव्हते, ते स्त्रीच्या मर्जीचे होते. सरकारने टार्गेट पाहिले, या दोघांनी बाई पाहिली. हा फरक सांगणार कोण?

सांगण्याचे साधन आपल्या हाताशी आहे. 'समाजस्वास्थ्य' वाचणारे साक्षर होते, म्हणून थोडे होते. नाटक-सिनेमाला ती अट नाही. अमोल पालेकर यांनी २००१ साली रघुनाथरावांच्या जीवनावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट केला. किशोर कदम त्यात कर्वे झाले, सीमा बिस्वास मालतीबाई झाल्या. कुटुंबकल्याणावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पुढे २०१७ साली अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक आले. त्यात तेच खटले रंगमंचावर उभे राहिले आणि बाबासाहेब वकील म्हणून प्रेक्षकांसमोर आले. जी गोष्ट बाई डॉक्टरला विचारू शकत नाही, नवऱ्यापुढे बोलू शकत नाही, ती नाटक संपल्यावर शेजारणीशी बोलू शकते. ही ताकद आपल्याला नवी नाही. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी नेला तो छापील कागदावरून नव्हे, तर ढोलकीच्या तालावर आणि वगाच्या संवादातून.

गरज संपली आहे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती आणि पुरुष नसबंदीचे प्रमाण होते अवघे ०.३ टक्के! पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असताना चाकूखाली जाते ती बाईच. आपल्या वस्त्यांतही यापेक्षा वेगळे चित्र आहे, असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकेल काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या भीमजयंतीला डीजेच्या भिंती उभारण्यावर जो पैसा जातो, त्यातला थोडा बाजूला काढा. विहारात 'ध्यासपर्व' दाखवा. तरुण कलावंतांनी १९३४ च्या खटल्यावर अर्ध्या तासाचा जलसा बसवावा. त्यानंतर गावच्या आशाताईला आणि नर्सबाईला समोर बसवून प्रश्न विचारू द्या. आणि हो, पुरुषांनी पहिल्या रांगेत बसावे.

रघुनाथराव खटला हरले, बाबासाहेब ठराव हरले. पण ते दोघेही बरोबर होते, हे काळाने सिद्ध केले आहे. आता त्यांची बाजू वस्तीवस्तीत मांडणे हे आपले काम आहे. बाबासाहेबांनी घेतलेले ते वकीलपत्र अजून संपलेले नाही.