दोन पुस्तकांचे आंदण

लंडनच्या उत्तरेस बेडफर्ड नावाचे एक जुने गाव आहे. त्याच्या जवळच एल्स्टो हे खेडे. तेथे १६२८ साली एका गरीब घरात जॉन बन्यनचा जन्म झाला. बापाचा धंदा भांडी दुरुस्त करण्याचा. हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकावी, दारोदार हिंडावे, कोणाच्या गळक्या किटलीला डाग द्यावा, कोणाच्या कढईला ठिगळ मारावे आणि मिळेल त्या चार पैशांत घरची चूल पेटवावी, असा तो संसार होता. तरीही आईबापांनी जॉनला काही काळ शाळेत धाडले आणि तो लिहावाचावयास शिकला.

त्या काळी इंग्लंडात स्वस्त चोपडी विकत मिळत. राक्षसांशी झुंजणारे वीर, त्यांचे दूरदूरचे प्रवास, ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज, अशा गोष्टी त्यांत असत. जॉनला त्यांचे वेड होते. धर्मग्रंथ हाती घ्यावा असे त्या वयात त्याला वाटत नसे. मोठेपणी तो आपल्या या वाचनाला नावे ठेवी. परंतु ते राक्षस व ते प्रवास त्याच्या मनातून गेले नव्हते, हे पुढे दिसून आलेच.

१६४४ साली, तो पंधरा वर्षांचा असताना, त्याची आई वारली. पुढच्याच महिन्यात बहीणही गेली. इंग्लंडात तेव्हा राजा आणि पार्लमेंट यांच्यामध्ये युद्ध पेटले होते. त्याच वर्षी जॉन पार्लमेंटच्या सैन्यात दाखल झाला. एकदा एका वेढ्याच्या कामगिरीवर त्याची नेमणूक झाली होती. ऐन वेळी दुसरा एक शिपाई त्याच्या जागी गेला आणि पहाऱ्यावर असताना गोळी लागून ठार झाला. आपण वाचलो ते कशासाठी, हा प्रश्न जॉनला पुढे कित्येक वर्षे सतावीत राहिला.

सैन्यातून परतल्यावर जॉनने बापाचाच धंदा धरला आणि १६४९च्या सुमारास लग्न केले. नवराबायको इतकी दरिद्री होती की घरात एखादे ताट किंवा चमचासुद्धा नव्हता. ज्याने दुसऱ्यांची भांडी सांधावी, त्याच्याच घरी भांडे नसावे! नव्या नवरीने माहेरून आंदण म्हणून आणली होती ती दोन पुस्तके. तिचा बाप मरताना ती तिला देऊन गेला होता. साध्या माणसाने स्वर्गाची वाट कशी धरावी हे एकात सांगितले होते, तर दुसऱ्यात धर्माचरणाचे विवेचन होते. दिवसभराचे काम आटोपले की दोघे मिळून ती वाचीत बसत. बायको वाचता वाचता आपल्या वडिलांच्या सरळ वागण्याच्या आठवणी सांगे. विसरत चाललेले वाचन जॉनला अशा रीतीने पुन्हा जडले, आणि त्याचे उनाड, शिवराळ वागणे हळूहळू सुटले.

पुढे एके दिवशी तो कामानिमित्त बेडफर्डच्या रस्त्याने जात असता एका दारात तीन-चार गरीब बायका उन्हात बसून बोलत असलेल्या त्याला दिसल्या. त्यांचे बोलणे देवाविषयी होते आणि ते इतक्या आनंदाने चालले होते की जॉन थबकून ऐकतच राहिला. त्या बायका ज्या लहानशा भक्तमंडळीच्या होत्या, त्या मंडळीत तोही जाऊ लागला व काही वर्षांत स्वतः प्रवचने करू लागला. त्याची भाषा बाजारातली, उदाहरणे शेतातली आणि स्वयंपाकघरातली. लोक लांबलांबून ऐकावयास येत.

याच सुमारास त्याच्यावर घाला पडला. पत्नी चार मुले मागे ठेवून मरण पावली. थोरली मेरी जन्मापासून आंधळी होती. पुढच्याच वर्षी, १६५९ मध्ये, त्याने एलिझाबेथ नावाच्या तरुण मुलीशी लग्न केले आणि तिने त्या चार पोरक्या मुलांचा सांभाळ आपल्या अंगावर घेतला.

१६६० साली इंग्लंडात पुन्हा राजा गादीवर आला. सरकारी चर्चच्या बाहेर सभा भरवून उपदेश करणाऱ्यांवर आता करडी नजर होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जॉन एका खेड्यात प्रवचनास गेला असता त्याला पकडण्यात आले. पकडण्याचा हुकूम निघाल्याचे त्याला अगोदर कळले होते. पळून जाण्यास अवधीही होता. पण तो गेला नाही. ती बातमी ऐकून गरोदर एलिझाबेथला इतका धक्का बसला की ती दिवस भरण्यापूर्वीच बाळंत झाली आणि मूल दगावले.

यापुढे प्रवचन करणार नाही, एवढे कबूल केले असते तर जॉनची सुटका होत होती. ते त्याने केले नाही. १६६१च्या ऑगस्टमध्ये बेडफर्डला मोठे न्यायाधीश आले, तेव्हा एलिझाबेथ अर्ज घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. यापूर्वी ती लंडनलाही जाऊन आली होती. एकदा अर्ज दिला, दाद लागली नाही. दुसऱ्या न्यायाधीशाच्या गाडीत तिने अर्ज टाकला, तो रागावला. तरीही ती बड्या लोकांनी भरलेल्या दालनात शिरली आणि चार लहान मुले, त्यांतले एक आंधळे, लोकांच्या दयेवर जगत आहेत, हे तिने निर्भयपणे सांगितले. मॅथ्यू हेल या न्यायाधीशाने तिचे म्हणणे कळकळीने ऐकून घेतले. परंतु जॉन सुटला नाही. तो बारा वर्षे बंदिशाळेत राहिला.

आपण घरच्यांच्या डोक्यावर आपल्याच हाताने घर पाडीत आहोत, असे त्याला तेथे वाटे. आंधळ्या मेरीची आठवण झाली की काळीज तुटे. कपड्यांच्या व बुटांच्या नाड्यांना धातूची टोके बसविण्याचे काम त्याने तुरुंगात मिळविले आणि अशा शेकडो गुच्छ नाड्या करून तो घरी पैसे धाडी. मेरी आपल्या हाताने बापासाठी तुरुंगाच्या दारी सूप नेऊन देई, अशी बेडफर्डला आख्यायिका आहे.

नाड्यांचे काम संपले की तो लिही. विशेष हे की, घरापासून तोडलेल्या या माणसाने १६६३ मध्ये घराविषयीच पुस्तक लिहिले. नवऱ्याने बायकोशी, आईबापांनी मुलांशी, धन्याने नोकरांशी आणि मुलांनी आईबापांशी कसे वागावे, याचा विचार त्यात आहे. असल्या पुस्तकांत उपदेशाचा भार जास्त असावयाचाच. ज्या पुस्तकाने जॉनचे नाव जगभर झाले ते मात्र निराळे होते. त्यात त्याच्या बालपणीचे राक्षस आणि किल्ले परत आले.

'यात्रिकाचा प्रवास' या अर्थाच्या नावाचे ते पुस्तक १६७८ साली लंडनला छापले गेले. किंमत दीड शिलिंग. पाठीवर जड ओझे असलेला ख्रिस्ती नावाचा एक मनुष्य नाशनगरातून निघतो आणि स्वर्गनगराची वाट धरतो. निराशेच्या दलदलीत तो रुततो, पोकळ डामडौलाच्या बाजारात त्याला बेड्या पडतात, निराशा नावाचा राक्षस त्याला आपल्या किल्ल्यात कोंडतो. तेथून सुटण्याची किल्ली सगळा वेळ त्याच्या उराशीच असते! धर्माची गोष्ट अशी कल्पित कथेच्या रूपाने सांगावी की नाही, यावर जॉनच्या मित्रांतच दोन तट पडले होते. काहींनी छापू नकोस म्हणून सांगितले. वाचकांनी मात्र पुस्तक उचलून धरले.

या कथेत एक उणीव होती. ख्रिस्ती आपल्या बायकामुलांना मागे टाकून एकटाच निघून जातो. १६८४ साली जॉनने दुसरा भाग लिहिला, त्यात ख्रिस्तीची बायको आपल्या चार मुलांना घेऊन त्याच वाटेने निघते. या भागातला प्रवास घरासारखा आहे. वाटेत एका मुलाचे फळे खाऊन पोट दुखते आणि वैद्य बोलवावा लागतो. जेवणे होतात, गाणी होतात, लग्ने लागतात. दया नावाची एक मुलगी रिकाम्या वेळी गरिबांसाठी कपडे शिवीत बसते. तिच्याशी लग्न करू पाहणारा एक पैशाचा लोभी तरुण, ती हे कपडे फुकट वाटते असे कळताच काढता पाय घेतो. हे सारे वाचताना एलिझाबेथची आणि चार मुलांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही.

मुलांसाठी कवितांचे एक पुस्तकही जॉनने १६८६ मध्ये काढले. दोन वर्षांनी तो रेडिंग या गावी एका बापलेकाचे भांडण मिटविण्यास गेला. समेट घडवून तो घोड्यावरून लंडनला निघाला, वाटेत पावसात भिजला आणि तापाने आजारी पडला. ३१ ऑगस्ट १६८८ रोजी लंडनमध्ये एका मित्राच्या घरी त्याने देह ठेवला.

त्याचे पुस्तक मात्र घराघरांत गेले. ज्या कर्मठ घरांत रविवारी कथाकादंबऱ्या हाती घेण्यास मनाई असे, तेथेही हे एक पुस्तक मुलांना वाचू देत. लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेने १८६८ साली चार बहिणींच्या घरगुती जीवनावर एक गोड कादंबरी लिहिली. तिच्या आरंभीच त्या बहिणींना आपला एक जुना खेळ आठवतो: पाठीवर गाठोडी बांधून तळघरातून निघावयाचे, ते तळघर म्हणजे नाशनगर, आणि जिने चढत घराच्या माथ्यावर जावयाचे, ते स्वर्गनगर. मराठीत हा प्रवास त्याआधीच पोहोचला होता. हरि केशवजी यांनी केलेले त्याचे भाषांतर 'यात्रिक क्रमण' या नावाने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही मराठीतील आरंभीची कादंबरी निघाली ती १८५७ साली, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी. आणि योगायोग असा की, तीही एका प्रवासाचीच कथा आहे.