मोहनलाल दयाल चौहान : बिस्किटाला घरोघरी नेणारे उद्योजक

पुण्याहून मुंबईस जाताना गाडी मावळ ओलांडून लोणावळ्यास थांबली, की अनेक प्रवाशांचा हात आपोआप चहा आणि बिस्किटांकडे वळतो. या साध्या जिनसेवरून एके काळी केवढे वादळ उठले होते, याची आज सहसा कोणास आठवण राहिलेली नाही.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हेही होते. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि ग्रामण्य उभे राहिले. १८९२ च्या उन्हाळ्यात रानडे लोणावळ्यास मुक्कामास असताना मित्रांच्या आग्रहास मान देऊन पुण्यास आले आणि त्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी ही हकिकत आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. मिशन आमच्या अँग्लिकन बंधूंचे होते. परंतु भट्टीच्या पदार्थाविषयीचा संशय सर्वच ख्रिस्ती घरांच्या परिचयाचा होता. गोव्याचे पोदेर माडाच्या सुरेने पीठ आंबवीत, आणि शहरांतील बेकऱ्या बहुधा ख्रिस्ती, मुसलमान अथवा इराणी मंडळींच्या असत. पाव खाल्ला म्हणजे मनुष्य बाटला, ही समजूत त्यातूनच बळावली. डब्यातील विलायती बिस्किटे साहेबाच्या मेजावर शोभत, पण गरिबाला ती परवडत नसत.

सोवळ्याची आणि किमतीची ही दुहेरी भिंत पाडणाऱ्यांत मोहनलाल दयाल चौहान यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचे घराणे वलसाडजवळील पारडीचे. मुंबईत त्यांनी रेशमी कापडाच्या धंद्यात जम बसविला होता. स्वदेशीच्या चळवळीचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. मात्र परकीय मालाची केवळ होळी करून न थांबता, तोच माल आपल्या हातांनी करून दाखवावा, ही त्यांची वृत्ती होती. आम्हास ती अधिक कठीण आणि म्हणूनच अधिक मोलाची वाटते. उतारवयाकडे झुकत असताना त्यांनी जर्मनी गाठली, मिठाई बनविण्याची विद्या आत्मसात केली आणि सुमारे ६० हजार रुपयांची यंत्रसामग्री मायदेशी आणली.

१९२९ मध्ये विलेपार्ले येथे कारखाना सुरू झाला. कामास माणसे अवघी बारा, आणि तीही मुख्यत्वे घरचीच. यंत्र सांभाळणारे, हिशेब ठेवणारे आणि पाक करणारे सगळे एकाच कुटुंबातले! कामाच्या धांदलीत कंपनीस नाव द्यावयाचेच राहून गेले आणि शेवटी गावाचेच नाव तिला चिकटले, असे सांगतात. प्रारंभी गोळ्या-मिठाई तयार होई. जवळजवळ दहा वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर, भट्टी पेटली आणि ‘पार्ले ग्लुको’ बाजारात आले. युद्धकाळात सैन्यासही ते पुरविले गेले.

याच कारखान्याचे खारे ‘मोनॅको’ १९४० च्या दशकातील. अशा क्रॅकरची कणीक लाटून पातळ करतात व तीस बारीक भोके पाडतात. त्यांतून वाफ निसटल्यामुळे भट्टीत ते पुरीसारखे टम्म फुगत नाही आणि कुरकुरीत राहते. गोडाची सवय असलेल्या आपल्या जिभेस हा मिठाचा प्रकार नवा होता, पण लवकरच तो पाहुणचाराच्या बशीत मानाने जाऊन बसला.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली. गव्हाचा मोठा मुलूख सीमेपलीकडे गेला आणि देशात धान्याची टंचाई झाली. तेव्हा कंपनीने गव्हाचे ग्लुको काही काळ थांबवून जवाची बिस्किटे काढली व ग्राहकांना तसे आवाहनही केले. भरभराटीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा ही माघार आम्हास बोलकी वाटते.

मोहनलालजींच्या पश्चात पाच पुत्रांचा हा विस्तार पुढे वेगवेगळ्या कंपन्यांत विभागला गेला. ग्लुको १९८० च्या दशकात ‘पार्ले-जी’ झाले. मैदा आणि साखर हे काही सकस अन्न नव्हे, आणि वाडीवस्तीवरील मुलांची न्याहारी चहा-बिस्किटावर उरकली जाते, हे पाहून आम्हास संतोष वाटत नाही. तथापि २०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा अनेकांच्या पिशवीत हाच पुडा होता. त्या वेळी तीन आठवड्यांत ३ कोटी पुडे वाटण्याचे कंपनीने जाहीर केले होते.

विलेपार्ल्याचा मूळ कारखाना मात्र तोवर थंडावला होता. स्थानक जवळ आले की भाजल्या बिस्किटांचा गोड वास डब्यात शिरे आणि झोपलेला प्रवासीही उतरण्यास सज्ज होई. २०१६ मध्ये तेथील उत्पादन बंद झाले आणि तो वासही गेला.