विश्लेषण : कायदा ज्यांनी मांडला, त्यांनाच हरवून आमदार! कोण होत्या एडिथ काउअन?

ऑस्ट्रेलियात शिकायला किंवा नोकरीला गेलेले कोणी घरी आले, की त्यांच्या पाकिटातली पन्नास डॉलरची पिवळसर नोट जरूर पाहा. तिच्या एका बाजूला एका प्रौढ बाईंचा चेहरा आहे. तिकडे गेलेल्या बहुतेकांना हे नाव माहीत असते ते विद्यापीठाचे म्हणून, कारण पर्थ शहरात एडिथ काउअन विद्यापीठ आहे. पण या बाई ना शास्त्रज्ञ होत्या, ना राणी. त्या एका राज्याच्या विधानसभेच्या आमदार होत्या, तेही अवघी तीन वर्षे. पुढच्या दोन निवडणुका त्या हरल्या. तरीही देशाने त्यांना नोटेवर बसवले, ते कशासाठी?

चौदाव्या वर्षी काय घडले?

एडिथ डर्कसी ब्राउन यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील जेराल्डटनजवळ ग्लेनगॅरी या मेंढपाळीच्या मोठ्या वाडीवर झाला. ब्रिटिश वसाहत वसून तेव्हा जेमतेम तीस वर्षे झाली होती. एडिथ सात वर्षांच्या असताना आई बाळंतपणात गेली आणि त्यांना पर्थमध्ये काउअन भगिनींच्या वसतिशाळेत ठेवण्यात आले. वडील केनेथ यांनी दुसरे लग्न केले. पुढे त्यांचे पिणे वाढले, घरात भांडणे होऊ लागली आणि १८७६ मध्ये त्यांनी दुसऱ्या पत्नीची गोळी घालून हत्या केली. खटला चालला, फाशी झाली. त्या वेळी एडिथ अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या.

सगळे एकमेकांना ओळखतात अशा छोट्या वसाहतीत फाशी गेलेल्या माणसाची मुलगी म्हणून जगणे काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी. एडिथ शाळा सोडून गिल्डफर्डला आजीकडे राहायला गेल्या. पुढे आयुष्यभर त्यांनी जे विषय हाती घेतले ते पाहा : बेवारस मुले, मारझोड सोसणाऱ्या बायका, बाळंतपणात दगावणाऱ्या माता. हा योगायोग नसावा.

१८७९ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांचे लग्न शाळेच्या काउअन भगिनींचे बंधू जेम्स यांच्याशी झाले. जेम्स सर्वोच्च न्यायालयात निबंधक होते, नंतर पर्थचे पोलीस दंडाधिकारी झाले. चार मुली आणि एक मुलगा अशा संसारात एडिथ रमल्या खऱ्या. पण नवऱ्याच्या कोर्टात रोज येणारी दारूची, मारहाणीची, टाकून दिलेल्या बायकांची प्रकरणे त्यांच्याही कानावर येत होती.

निवडणुकीआधी त्यांचे काम काय होते?

एडिथ आमदार झाल्या तेव्हा ५९ वर्षांच्या होत्या. त्याआधी जवळपास तीन दशके त्या सार्वजनिक कामात होत्या. १८९४ मध्ये पर्थच्या काही महिलांनी कॅराकट्टा क्लब काढला. बायकांनी एकत्र येऊन वाचायचे, चर्चा करायची, भाषण करायला शिकायचे, असा हा ऑस्ट्रेलियातील पहिला महिला क्लब. एडिथ त्याच्या पहिल्या चिटणीस होत्या. ऐकायला हे भिशीमंडळासारखे वाटेल, पण मताधिकाराच्या चळवळीला बोलणाऱ्या बायका मिळाल्या त्या इथूनच. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८९९ मध्ये महिलांना मत मिळाले. मूळ रहिवासी ॲबोरिजिनल स्त्रिया मात्र त्यातून जवळजवळ पूर्णपणे वगळल्या गेल्या, हेही इथेच सांगायला हवे.

पुढे बालसंरक्षण संस्था, मुलांसाठी वेगळे न्यायालय, अविवाहित मातांसाठी निवारा अशी कामे एकामागून एक आली. पर्थमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रसूती रुग्णालय हवे म्हणून त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९१६ मध्ये किंग एडवर्ड स्मृती रुग्णालय सुरू झाले. १९१५ मध्ये त्या बाल न्यायालयाच्या पीठावर नेमल्या गेल्या.

सगळ्या जणी त्यांच्या बाजूने होत्या असे मात्र नाही. गुप्तरोगाच्या रुग्णांची सक्तीने नोंद करण्याच्या कायद्याला एडिथ यांनी पाठिंबा दिला. हा कायदा शेवटी बायकांवरच उलटेल, असे चळवळीतल्या सहकारी बेसी रिशबीथ यांचे म्हणणे होते. यावरून दोघींचे बिनसले आणि स्थापनेपासून ज्या संघटनेत काम केले, ती एडिथ यांनी सोडली. त्या मवाळ, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या नव्हत्या. पटले नाही की सरळ बाहेर.

४६ मतांचा विजय कसा झाला?

ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय संसदेची निवडणूक लढवण्याचा हक्क महिलांना १९०२ पासूनच होता, पण कोणी निवडून आले नव्हते. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर मत देता येत होते, उभे राहता येत नव्हते. ही अडचण १९२० च्या कायद्याने दूर झाली. तो विधानसभेत आणणारे होते राज्याचे ॲटर्नी जनरल थॉमस ड्रेपर.

आणि १२ मार्च १९२१ च्या निवडणुकीत एडिथ उभ्या राहिल्या त्या ड्रेपर यांच्याच वेस्ट पर्थ मतदारसंघात! दोघेही एकाच नॅशनलिस्ट पक्षाचे. सार्वजनिक कामाचा अनुभव आणि घरातला अनुभव, दोन्ही विधानसभेला लागतात, असा त्यांचा प्रचार होता. निकाल लागला तेव्हा एडिथ ४६ मतांनी जिंकल्या होत्या. दार उघडून देणाऱ्यालाच दाराबाहेर जावे लागले. ड्रेपर यांचे फारसे नुकसान झाले नाही. त्याच वर्षी ते न्यायाधीश झाले.

पन्नास सदस्यांच्या सभागृहात एक बाई आणि ४९ पुरुष, असे ते चित्र होते.

तीन वर्षांत त्यांनी काय मिळवले?

जुलै १९२१ मधल्या पहिल्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या बाबागाडीचा विषय काढला. उपनगरी गाडीत लेकराची गाडी चढवायची तर वेगळा आकार द्यावा लागे. हा विषय अनेकांना किरकोळ वाटला असेल. पण कडेवर मूल आणि हातात सामान घेऊन गाडी पकडलेल्या कोणालाही तो किरकोळ वाटणार नाही.

खरे काम मात्र दोन कायद्यांत आहे. मूल मृत्युपत्र न करता वारले आणि त्याला स्वतःचे कुटुंब नसेल, तर मालमत्ता वडिलांकडे जाई. १९२२ च्या दुरुस्तीने आईला वडिलांच्या बरोबरीने हक्क मिळाला.

दुसरा कायदा अधिक मोठा. १९०४ मध्ये एडिथ हेन्स या तरुणीला वकिलीच्या परीक्षेला बसायचे होते. कायद्यात शब्द होता ‘व्यक्ती’. पर्थच्या न्यायालयाने त्याचा अर्थ लावला : या व्यक्तीत स्त्री येत नाही. बाईचे शिक्षण, लायकी हा प्रश्नच उरला नाही, शब्दानेच दार लावून घेतले. त्यानंतर १९ वर्षांनी, १९२३ मध्ये एडिथ काउअन यांनी खासगी विधेयक मांडले आणि मंजूर करून घेतले. केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही कोणत्याही व्यवसायातून किंवा सरकारी, न्यायिक पदावरून अडवता येणार नाही, हा त्याचा गाभा. एकट्या सदस्याने आणलेले विधेयक मंजूर होणे किती अवघड असते, हे आपल्याकडचे अधिवेशन पाहणाऱ्यांना सांगायला नको. १९३० मध्ये ॲलिस कमिन्स या राज्यातील पहिल्या महिला वकील झाल्या.

मग मतदारांनी का नाकारले?

पक्षाच्या आदेशाबाहेर जाऊन मत मांडण्याची त्यांची सवय सुटली नाही. पक्षाला त्या भरवशाच्या वाटत नव्हत्या आणि विरोधी मजूर पक्षाला त्या आपल्या वाटण्याचे कारणच नव्हते. १९२४ मध्ये थॉमस डेव्ही यांनी त्यांना हरवले, १९२७ मध्येही हरल्या. मधल्या काळात, १९२५ मध्ये, मे होल्मन वडिलांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या फॉरेस्ट मतदारसंघातून निवडून आल्या. पण एडिथ तेव्हा सभागृहात नव्हत्या. दुसऱ्या एकाही महिला सदस्यासोबत त्यांना कधी बसता आले नाही. केंद्रीय संसदेत महिला पोहोचायला तर १९४३ साल उजाडले.

एडिथ काउअन ९ जून १९३२ रोजी पर्थमध्ये वारल्या. लोकवर्गणीतून त्यांचे स्मारक उभारायचे ठरले, तर किंग्ज पार्कच्या प्रवेशद्वाराशी एका बाईचे स्मारक कशाला, म्हणून विरोध सुरू झाला. समर्थक हटले नाहीत. दोन वर्षांनी, त्यांच्या स्मृतिदिनीच, घड्याळाच्या मनोऱ्याचे अनावरण झाले. तो मनोरा आजही तिथेच, रस्त्याच्या मधोमध उभा आहे. नोटेवर त्यांचा चेहरा यायला मात्र १९९५ उजाडले.