बधिर संगीतकार बेथोव्हेन

युरोपांतील थोर संगीतकारांत लुडविग फान बेथोव्हेन याचें नांव अग्रगण्य आहे. त्याचा जन्म जर्मनींतील बॉन शहरीं १७७० सालीं झाला. आजा व बाप दोघेही तेथील राजदरबारीं गायक होते. परंतु बाप दारूच्या आहारीं गेला, आई १७८७ सालीं वारली, आणि धाकट्या भावांचा भार कोवळ्या वयांतच त्याच्या शिरावर पडला. १७९२ सालीं तो व्हिएन्ना येथें आला, हायडन या नामांकित गुरूपाशीं शिकला, व उत्तम पियानोवादक म्हणून लवकरच प्रसिद्धीस आला.

कीर्ति वाढत असतांनाच त्याचे कान मंद होऊं लागले. जो नादावर जगतो त्यालाच नाद पारखा व्हावा, याहून मोठी आपत्ति कोणती? १८०२ सालीं हायलिगेनस्टाट या खेड्यांत राहत असतां जीव द्यावा असेंही त्याच्या मनांत येऊन गेलें. परंतु अंगची कला जगास दिल्यावांचून जाणें योग्य नव्हे, असा त्यानें निश्चय केला. १८१८ च्या सुमारापासून लोकांस त्याच्याशीं वहींत लिहून बोलावें लागे.

सर्व मानव एकमेकांचे बंधु होत, असा आशय असलेली शिलर कवीची आनंदावरील कविता संगीतांत बांधावी, ही त्याची तरुणपणापासूनची आकांक्षा होती. ती तीस वर्षांनीं त्याच्या नवव्या सिंफनींत सफल झाली. सिंफनी ही केवळ वाद्यांच्या मेळाची रचना असे. तिच्या अखेरीस त्यानें मानवी कंठही घातले.

१८२४ सालच्या मे महिन्याच्या ७ व्या तारखेस व्हिएन्नांतील केर्न्टनरटोर नाट्यगृहांत ही कृति प्रथमच सादर झाली. सर्वांची एकत्र तालीम दोनदांच झाली होती. कॅरोलिन उंगर हिनें व तिच्या जोडीच्या गायिकेनें अति उंच सूर बदलण्याची विनंती केली होती; ती त्यानें साफ नाकारली होती. त्या रात्रीं तो रंगमंचावर उभा राहून हातानें लय दाखवीत होता. परंतु वादकांचे डोळे उमलाउफ या दुसऱ्या संचालकाकडे होते, कारण तशी त्यांस सूचनाच होती. वादन थांबलें, टाळ्यांचा कडकडाट झाला. बेथोव्हेन मात्र पाठमोराच उभा होता. तेव्हां उंगर हिनेंच त्याला हळूच प्रेक्षकांकडे वळविलें. हलणारे रुमाल व टोप्या पाहून आपला गौरव होत आहे हें त्याला कळलें. कानांनीं जें हिरावलें, तें त्या रात्रीं डोळ्यांनीं थोडेंसें परत दिलें.

परंतु हा आनंद फार काळ टिकला नाहीं. सुमारें २२०० फ्लोरिन जमले, त्यांतून खर्च वजा जातां त्याच्या हातीं अवघे ४२० उरले. निराशेच्या भरांत, कांहीं दिवसांनीं भोजनास बोलाविलेल्या स्नेह्यांवरच त्यानें फसवणुकीचा आरोप केला. रात्रंदिवस त्याच्यासाठीं झटलेले ते सज्जन ताटावरून उठून गेले. मानवी बंधुत्वाचें गान रचणाऱ्यानें आपल्याच बंधूंचीं मनें दुखवावीं, हें पाहून खेद वाटतो. २३ मे रोजीं दुसरा जलसा झाला, तेव्हां दिवाणखाना अर्धाही भरला नव्हता.

१८२७ सालच्या मार्च महिन्याच्या २६ व्या तारखेस तो मरण पावला. त्याच्या अंत्ययात्रेस हजारों लोक लोटले. त्याच आनंदगीताचे सूर १९८५ सालीं युरोपीय समुदायाच्या राष्ट्रांनीं आपलें गीत म्हणून स्वीकारले.

विद्यार्थिमित्रहो, मोठ्या यशाच्या दुसऱ्या दिवशीं मन उदास झालें, तर त्यांत नवल नाहीं. थोरांसही तें चुकलें नाहीं. परंतु त्या उदासीनतेंत, ज्यांच्या हातांनीं आपल्याला यश लाभलें त्यांना शब्दांनीं दुखवूं नये. आपल्या कामाचें खरें मोल त्याच रात्रीच्या हिशेबांत क्वचितच दिसतें. बेथोव्हेनला तर तें शेवटपर्यंत ऐकूंच आलें नाहीं. तरी त्यानें आपलें काम सोडलें नाहीं.