उषा मेहता: लहर एक, घरे अनेक
ऑगस्ट १९४२. मुंबईत ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. तो चालवणाऱ्यांत उषा मेहता होत्या, वय अवघे २२. तरंगलांबी एकच, त्यामुळे श्रोत्यांना स्टेशन सापडे तसे पोलिसांच्या शोधगाड्यांनाही. म्हणून ट्रान्समीटरच घरे बदलत राहिला.

त्याच महिन्यात अमेरिकेत अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना वेगळ्या युक्तीचे पेटंट मिळाले. पाणतीराला दिशा देणारा संदेश एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारणार. क्रम ठाऊक नसलेल्याच्या हाती फक्त तुकडे. ब्लूटूथवर चालणारी आजची श्रवणयंत्रेही अशाच उड्या मारतात. काँग्रेस रेडिओला मात्र ही युक्ती निरुपयोगी होती. घरोघरच्या श्रोत्यांना क्रम कळवायचा कसा? आणि कळवला तर तो गुप्त कसला!

१२ नोव्हेंबरला गिरगावात छापा पडला, तो एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे. महिनोन् महिने चौकशी झाली. उषाबेन बोलल्या नाहीत. चार वर्षांची शिक्षा होऊन त्या येरवड्यात गेल्या. तिथे प्रकृती ढासळली. जे. जे. रुग्णालयात आणले, तर खाटेशेजारीही पोलिसांचा पहारा. १९४६ मध्ये त्या सुटल्या, आणि पुढे विल्सन कॉलेजात अनेक वर्षे शिकवत राहिल्या.