रक्तवाढीच्या गोळीमागची डॉक्टरीणबाई

सर्पदंशावरची लस तयार करणारी मुंबईची हाफकिन संस्था आपल्या शेतकरी बांधवांना नावाने तरी ठाऊक आहे. पण उपकेंद्रात नर्सबाई गरोदर बायांना रक्तवाढीची जी लाल गोळी देतात, तिचा एक धागा याच परळच्या संस्थेशी जोडलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल. तो धागा म्हणजे डॉ. ल्यूसी विल्स.

ल्यूसीबाईंचा जन्म इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे १० मे १८८८ रोजी झाला. केंब्रिजला त्यांनी वनस्पती आणि भूगर्भ हे विषय घेऊन १९११ साली शिक्षण पुरे केले. त्या काळी केंब्रिज बायकांना पदवी देत नसे. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तिथे काही दिवस त्यांनी रुग्णसेवा केली आणि डॉक्टर व्हायचे ठरवले. लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेतून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मात्र दवाखाना न थाटता त्यांनी प्रयोगशाळा धरली.

१९२८ साली डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून त्या मुंबईला आल्या. बाळंतपणात बाया का दगावतात, याची चौकशी तेव्हा हाफकिनमध्ये चालू होती. कापडगिरण्यांत राबणाऱ्या आणि इतर गरीब बायांना दिवस गेले की अंगातले रक्त आटायचे. चेहरा पांढराफटक, चार पावले टाकली की धाप. कित्येकींना त्यातच मरण यायचे. रक्त तपासले तर रक्तपेशी कमी, आणि ज्या होत्या त्या वाजवीपेक्षा मोठ्या. हा नुसत्या लोहाच्या कमतरतेचा आजार नव्हता. लोह देऊन तो हटत नसे.

आधी पोटातल्या जंतूंवर संशय होता. तो खरा ठरला नाही. मग बाईंनी या बायांच्या ताटात काय पडते ते बघायला सुरुवात केली. भाजीपाला, फळे, दूध यांची वानवा होती. इथेच त्यांना वाट सापडली. त्यासाठी त्या १९२९ मध्ये कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत आणि १९३१ मध्ये मद्रासच्या इस्पितळातही जाऊन काम करून आल्या.

मुंबईत त्यांनी माकडांवर प्रयोग केले. अशक्त अन्न खाऊन मरायला टेकलेल्या एका माकडाला मार्माइट दिले, तर ते झपाट्याने सुधारले. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, दारूच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टपासून होणारा काळसर चिकट पदार्थ. तोच अर्क आजारी बायांना दिला आणि मरणाच्या दारातल्या बाया उठून बसल्या. हा शोध १९३१ साली छापून आला. तोवर यकृताचा अर्क गुणकारी म्हणून माहीत होता, पण तो महाग. यीस्ट स्वस्त होते, गरिबाला परवडणारे होते.

यीस्टमधले ते गुणकारी द्रव्य नेमके कोणते, हे कळायला आणखी दहा वर्षे गेली. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, म्हणून नाव पडले फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये ते कारखान्यात बनवता आले. ते बनवणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ल्यूसीबाई लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात होत्या. रेशनचे अन्न आणि रोजचे लोह यांचा गरोदर बायांच्या रक्तावर काय परिणाम होतो, हेही त्यांनी तपासले. निवृत्तीनंतर जमैका, फिजी येथे जाऊन त्यांनी रक्तक्षयाचेच काम केले. त्यांनी लग्न केले नाही. कामावर सायकलने जात. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या.

आज लोह आणि फॉलिक ॲसिड एकाच गोळीत मिळते, तेही फुकट. लोहाशिवाय रक्ताला लाली नाही, आणि फॉलिकशिवाय नवी रक्तपेशी नीट तयार होत नाही. म्हणून दोन्ही हवीत. पहिल्या तीन महिन्यांत नुसती फॉलिकची गोळी आणि चौथ्या महिन्यापासून लाल गोळी, रोज एक, निदान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस.

पण गोळी घरात येणे वेगळे आणि पोटात जाणे वेगळे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभर गरोदर बायांत ५२ जणींना रक्तक्षय आढळला, आणि १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता शंभरात फक्त २६ निघाल्या. मळमळते, शौचास काळे होते म्हणून आठवडाभरात पाकीट फडताळात पडते. शौच काळे होणे हे लोहामुळे असते, त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको, लिंबू चालते. गोळीने बाळ काळे होते, फार मोठे होऊन अडते, या समजुती खोट्या आहेत. सिकलसेलचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

पिकाला एकदाच भरपूर पाणी देऊन हंगाम निघत नाही, पाळीपाळीने द्यावे लागते. रक्ताचेही तसेच आहे. सासूबाईंनी रोज रात्री आठवण करावी, घरधन्याने पाकिटातल्या गोळ्या मोजाव्यात. सरपंच आणि ग्रामसेवकांनी उपकेंद्रात साठा आहे की नाही, याची महिन्याला एकदा चौकशी करावी. सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका बाईने आपल्या लेकीसुनांसाठी जे शोधले, ते फडताळात धूळ खात पडू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.